मातीशिवाय पालेभाजी: बाल्कनीतला पहिला खोका

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीऐवजी खत विरघळवलेल्या पाण्यावर झाडं वाढवणं, करायचं मनात आलं की बहुतेक जण आधी किट शोधतात. पांढरे पाइप, त्यांना ओळीनं भोकं, खाली टाकी, पंप, वर जांभळा दिवा. माझं म्हणणं असं, की आधी कॅलेंडर बघा, मग नळाचं पाणी तपासा आणि पैसे सगळ्यात शेवटी काढा. पहिल्या दोन गोष्टी जुळल्या तर मासळीबाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यातही झकास लेट्यूस येतं. त्या नाही जुळल्या, तर महागड्या पाइपांतही मुळं सडतात.

हा लेख अगदी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहे. एक खोका, २०-२५ लिटर पाणी, पंप नाही, वीज नाही, पाच-सहा लेट्यूस किंवा दहा-बारा पालक. एवढं जमलं की पुढचं आपोआप सुचतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. या विषयावर इंटरनेटवर शोधलंत तर निम्मी माहिती गांजाच्या लागवडीची निघते. जोरदार दिवे, फुलोरा वाढवायची खतं, बंद तंबू, हा सगळा पसारा तिथून आलेला आहे. आपल्याकडे अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम २० खाली विनापरवाना गांजा लावणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. मातीत लावा की पाण्यात. तो भाग सोडला तरी ते आकडे पालकाच्या कामाचे नाहीत. फुलणाऱ्या, खादाड झाडाचं खत कोवळ्या पालेभाजीला दिलं तर पानांच्या कडा करपतात. त्यामुळे कुठलाही तक्ता वाचताना तो कोणत्या पिकाचा आहे हे आधी बघा.

मुळांना नेमकं काय लागतं

कुंडीत पाणी साचलं की झाड मरतं, मग पाण्यातच उभं केलेलं झाड का मरत नाही? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्याचं उत्तर कळलं की निम्मं काम झालं. साचलेल्या कुंडीत झाड मरतं ते मुळांना प्राणवायू मिळत नाही म्हणून. मुळंही श्वास घेतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत एरवी हवा असते, तिची जागा पाण्यानं घेतली की मूळ गुदमरतं आणि मागोमाग बुरशी येते. त्यामुळे हायड्रोपोनिक्सची जेवढी म्हणून यंत्रणा आहे, पंप असो, बुडबुडे सोडणारा दगड असो, पाइपांतून वाहणारा पातळ प्रवाह असो, ती सगळी मुळांना हवा मिळावी म्हणून आहे.

बाकी झाडाला १७ मूलद्रव्यं लागतात. त्यांतली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली १४ आपण विरघळवून द्यायची. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक जास्त प्रमाणात. लोह, मँगनीज, जस्त, बोरॉन वगैरे चिमूटभर.

हे ज्ञान जुनं आहे. वनस्पतीशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकातच प्रयोगशाळेत क्षारांच्या पाण्यावर झाडं वाढवत होते. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी बर्कलीला टाक्यांमध्ये भलेमोठे टोमॅटो वाढवून दाखवले आणि या तंत्राचा बोलबाला झाला. भारतातही १९४६ पासून कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी स्वस्त साहित्य वापरून प्रयोग केले होते. आपण जी पद्धत करणार आहोत ती हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी पंपच काढून टाकला. खोक्यात पाणी भरायचं, वर झाड टांगायचं. झाड पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मध्ये हवेचा थर तयार होतो. वरची मुळं त्या दमट हवेत श्वास घेतात, खालची पाणी आणि खत ओढतात. एवढं साधं.

पाइपांची वाहती पद्धत नवशिक्यांनी लगेच घेऊ नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण भारनियमन. पाइपात पाण्याचा जेमतेम पातळ थर असतो. पंप बंद पडला की भर उन्हात तासाभरात रोपं माना टाकायला लागतात. खोक्यातल्या झाडाला वीज गेलेली कळतसुद्धा नाही.

पायरी पहिली: महिना

लेट्यूस आणि पालक हे थंडीचे गडी. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरच्या मध्यावर बी टाकावं आणि फेब्रुवारीपर्यंत काढत राहावं. पुणे, नाशिक, नागपूरला हिवाळा भरवशाचा असतो. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर नोव्हेंबर उजाडू द्या.

यामागे हिशेब आहे. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसात. शिवाय पाणी तापलं की मुळांची प्राणवायूची भूकही वाढते आणि मूळकुज आणणाऱ्या पिथियमलाही जोर चढतो. पाणी १८ ते २४ अंशांत असावं, २६-२७ च्या वर गेलं की रोज लक्ष ठेवावं. एप्रिलमध्ये नागपूरच्या बाल्कनीत लेट्यूस लावणाऱ्याला मी काहीही सल्ला देऊ शकत नाही, फक्त थांबा म्हणू शकतो.

पायरी दुसरी: जागा

पालेभाजीला चार-पाच तास थेट ऊन पुरतं. पूर्वेची बाल्कनी सगळ्यात छान, सकाळचं ऊन घ्यायचं आणि दुपारी सावली. पश्चिमेची असेल तर हिरवी पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधा. उत्तरेच्या बाल्कनीत झाडं काटकुळी होतात, तिथे दिव्याशिवाय फारसं काही साधत नाही.

वजन विसरू नका. लिटरला किलो, म्हणजे भरलेला एक खोका पंचवीस किलोच्या आसपास. बाल्कनीच्या फरशीला त्याचं काही वाटणार नाही, पण खिडकीबाहेरच्या ग्रिलवर असे तीन खोके ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. ग्रिलमध्ये ठेवूच नका. आणि खोका एकदा भरला की हलवता येत नाही, त्यामुळे जागेवर ठेवून मगच पाणी भरा.

पायरी तिसरी: खोका

थर्माकोलचा झाकणाचा खोका सर्वांत बरा, कारण तो पाणी गार ठेवतो. मासळीवाले, फळवाले, औषधांचे घाऊक दुकानदार यांच्याकडे तो सहज मिळतो. मासळीचा असेल तर साबणानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, नाहीतर घरात वेगळीच चर्चा सुरू होईल. आतून जाड काळं प्लास्टिक अंथरा, थर्माकोल कधी ना कधी पाझरतोच. प्लास्टिकचा डबा घेतलात तर तो खाद्यपदार्थांसाठीचा असावा; रंगाच्या किंवा रसायनांच्या बादल्या खायच्या भाजीला नकोत.

खोली किमान १५ सेंटिमीटर, २० असेल तर उत्तम. लेट्यूसच्या प्रत्येक झाडाला सुमारे चार लिटर पाणी धरा. २५ लिटरच्या खोक्यात सहा झाडं होतात.

झाकणाला दोन इंची जाळीदार कुंडी, म्हणजे नेटपॉट, बसेल अशी भोकं पाडा. कुंडीची कड भोकावर अडकली पाहिजे, आत पडता कामा नये. लेट्यूससाठी दोन भोकांत २० सेंटिमीटर अंतर, पालकाला १० पुरे. नेटपॉट नसतील तर दह्याचे छोटे कप चालतात, तापवलेल्या खिळ्यानं तळाला आणि बाजूंना भरपूर भोकं पाडायची.

उजेड आत जाता कामा नये. खतपाणी आणि उजेड एकत्र आले की चार दिवसांत शेवाळ धरतं, ते खत खातं आणि मेल्यावर कुजून प्राणवायूही. डबा पारदर्शक असेल तर आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा द्या. नुसता काळा ठेवलात तर उन्हात पाणी कढत होईल.

आता डास. साठलेलं स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला आमंत्रणच, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मुंबईत महापालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक मनीप्लांटची बाटलीसुद्धा उलटी करून बघतात, तुमचा खोका तर बघणारच. झाकणाच्या कडेला सगळीकडून रुंद चिकटपट्टी लावा, रिकामं भोक एकही ठेवू नका, हवेसाठी भोक हवंच असेल तर त्यावर मच्छरदाणीचं कापड चिकटवा. पाहणीला कोणी आलं तर झाकण उघडून दाखवायची तयारी असू द्या.

पायरी चौथी: रोपं

पहिल्या खेपेला सुट्या पानांचं लेट्यूस घ्या, लोलो रोसो किंवा ओकलीफ. आइसबर्गच्या नादी लागू नका, गड्डा धरायला त्याला जी थंडी लागते ती आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. पालकात ‘ऑल ग्रीन’ हा आपला देशी वाण झकास येतो. मेथी आणि कोथिंबीर मात्र मातीच्या ट्रेमध्येच करा. दाट पेरून उपटायच्या भाज्या या, त्यांच्यासाठी नेटपॉट आणि खतपाण्याचा उपद्‌व्याप परवडत नाही.

रोपांसाठी स्पंजचे इंचभराचे चौकोन किंवा कोकोपीट चालतं. कोकोपीट घेतलंत तर दोन-तीन पाण्यांनी धुवा. नारळाच्या भुशात मीठ असतं, विशेषतः किनाऱ्यावरच्या, आणि निथळलेल्या पाण्यात मीटर बुडवून पाहिलंत तर आकडा बघून थक्क व्हाल.

लेट्यूसचं बी पुरायचं नाही. त्याला उगवायला उजेड आवडतो, स्पंजच्या खाचेत नुसतं टेकवा आणि वरून पाण्याचा फवारा. २० अंशाच्या आसपास दोन-चार दिवसांत उगवतं. ३० च्या वर ते झोपून राहतं. अशा वेळी ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवलं की जागं होतं. पालकाचं बी रात्रभर भिजवा. ते दिसायला एक असलं तरी मुळात दोन-तीन बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे एकाच जागी जोडरोपं येतात. त्यातलं एक दणकट ठेवून बाकीची कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारचं मूळ दुखावतं.

उगवेपर्यंत साधं पाणी. पहिली खरी पानं फुटली की निम्म्या तीव्रतेचं खतपाणी. आणि उगवलं त्या दिवसापासून उजेड. ‘नाजूक आहेत, घरात असू देत’ म्हणून खिडकीपासून लांब ठेवलेली रोपं दोन दिवसांत दोरीसारखी ताणतात आणि मग कधीच सावरत नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी तीन-चार पानं झाली आणि स्पंजच्या खालून पांढरं मूळ डोकावलं, की रोप खोक्यात जायला तयार.

पायरी पाचवी: पाणी तपासणं

टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळतो, आणि या छंदात कशावर खर्च करायचाच असेल तर तो यावर आणि पाण्याची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरवर. मुंबईला तलावांचं, पुण्याला खडकवासल्याच्या साखळीतलं धरणाचं पाणी येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. मीटर १०० च्या आतबाहेर दाखवतो. तसं असेल तर नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या आणि वापरा.

बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे ५००, ८०० असे आकडे सहज दिसतात. त्या पाण्यात खत टाकायच्या आधीच क्षारांची जागा भरलेली असते, आणि ते क्षार झाडाला हवे तेच असतील असंही नाही. ३०० च्या वर आकडा असेल तर आरओचं किंवा पावसाचं पाणी मिसळून खाली आणा. आरओ यंत्रातून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र वापरू नका. वाया जातं म्हणून जीव तुटतो हे खरं, पण काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात. त्यानं फरशी पुसा.

पायरी सहावी: खत

इथे बहुतेक जण दोन वाटांनी फसतात. पहिली वाट १९:१९:१९ ची, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेल्या खताची. कृषी सेवा केंद्रात ते सहज मिळतं, पाण्यात विरघळतं, फवारणीला चालतं, मग खोक्यात का नको? कारण त्यातलं अर्ध्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, स्वच्छ पाण्यात ते काम करायला पुरेसं कोणी नसतं. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही.

दुसरी वाट जीवामृत, गोमूत्र, गांडूळपाणी यांची. मातीत ती सोन्यासारखी आहेत. बंद खोक्यात सेंद्रिय पदार्थ कुजायला लागतो, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतो, आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर वास येतो तो गटाराचा. हायड्रोपोनिक भाजी म्हणजे सेंद्रिय भाजी हा गैरसमजही याच निमित्तानं काढून टाका. ही रासायनिक क्षारांवर वाढलेली भाजी आहे. ते क्षार नेमके मोजून देता येतात, हा तिचा गुण.

पहिला हंगाम तयार ‘ए’ आणि ‘बी’ बाटल्यांवर काढा. पालेभाजीचं खत मागा, पाकिटावर मात्रा लिहिलेली असते. दोन बाटल्या का, तर ‘ए’ मध्ये कॅल्शियम असतं आणि ‘बी’ मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. दोन्ही घट्ट असताना एकत्र आली की कॅल्शियम त्यांच्याशी जुळून पांढरा साका तळाशी बसतो, आणि तो झाडाला मिळत नाही. आधी ‘ए’ पाण्यात ओता, ढवळा, मग ‘बी’. एकाच मापानं मापत असाल तर मधे ते धुवा.

पुढच्या हंगामात स्वतः बनवायचं असेल तर द्राक्षबागायतदार वापरतात तीच विद्राव्य खतं लागतात. दुकानदार हमखास ‘किती एकर?’ विचारेल, बाल्कनी म्हणालात तर हसेल, पण एक किलोची पाकिटं शोधून देईल. १०० लिटर तयार पाण्यासाठी मात्रा अशी:

‘ए’ बाटली, एक लिटर पाण्यात: कॅल्शियम नायट्रेट ७५ ग्रॅम, १२ टक्क्यांचं लोह चिलेट (म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहील अशा रूपातलं लोह) १.७ ग्रॅम.

‘बी’ बाटली, एक लिटर पाण्यात: १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ४० ग्रॅम, ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट १७ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण २ ग्रॅम.

वापरताना एक लिटर पाण्याला दोन्हींतून १०-१० मिलिलिटर. यातून ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांची तीव्रता सांगणारी विद्युतवाहकता, साधारण १.६ येते, ती पालकाला ठीक. लेट्यूसला ७-७ मिलिलिटर घाला, ईसी १.१ च्या आसपास राहील. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पाकिटावरची मात्रा फवारणीची असते आणि ती इथल्यापेक्षा कितीतरी मोठी. ती वापरली तर जस्त, बोरॉनची विषबाधा होते. दोन ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, सोनाराचा छोटा डिजिटल काटा लागतो. बाटल्यांवर नाव लिहा, अंधारात ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठिकाणी.

ईसी मीटर नसला तरी टीडीएस मीटरवर भागतं. आपल्याकडचे बहुतेक स्वस्त मीटर ईसी १ ला ५०० दाखवतात. म्हणजे लेट्यूसला ५५० ते ६००, पालकाला ८०० च्या पुढेमागे. त्यात नळाच्या पाण्याचा मूळ आकडा धरलेला नाही, तो वर मिळवा.

पायरी सातवी: पीएच

खत मिसळून झाल्यावरच पीएच मोजा, आधी नाही. ५.५ ते ६.५ मध्ये हवा. ७ च्या वर गेला की लोह पाण्यात असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या, असं चित्र दिसलं की खत वाढवायच्या आधी पीएच बघा. नव्वद टक्के नवशिके इथे खत वाढवतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं.

कमी करायला पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला. ड्रॉपरनं थेंब थेंब टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा, परत मोजा. लिंबूसत्त्वानंही पीएच उतरतो, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत आकडा परत चढतो. बोअरच्या पाण्यातही असंच होतं. आज ६ वर आणलं, उद्या ७ वर. तिथे दोन दिवस आधी पाणी तयार करून, पीएच स्थिरावल्यावर रोपं लावावीत.

पीएच मीटर महिन्याला एकदा ठरावीक पीएचच्या बफर पावडरच्या द्रावणात जुळवून घ्या आणि टोक कोरडं पडू देऊ नका. हे करणार नसाल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं थेंबांचं किट बरं, ते निदान खोटं बोलत नाही.

पायरी आठवी: लावणी

स्पंजसकट रोप नेटपॉटमध्ये ठेवा, बाजूनं भाजलेल्या मातीच्या गोळ्या किंवा धुतलेली बारीक खडी भरा. खोक्यात पाणी इतकं असावं की नेटपॉटचा तळ सेंटिमीटरभर बुडेल. त्यापेक्षा जास्त नको, खोडाशी ओल राहिली की ते सडतं.

मग झाकण लावा आणि आठवडाभर हात बांधून बसा. हे सगळ्यात कठीण काम. रोज झाकण उचलून बघितलं की मुळं ओढली जातात आणि डासांची सोय होते.

दहा-बारा दिवसांनी एकदा बघा. पाणी दोन-तीन बोटं खाली गेलेलं असेल. नेटपॉटमधून पांढऱ्या मुळांची झुपकेदार दाढी लोंबत असेल, आणि पाण्याच्या वर राहिलेल्या मुळांवर कापसासारखी बारीक लव दिसेल. ती बुरशी नाही. तीच हवेची मुळं, आणि तीच ही पद्धत चालवतात. आता इथे कोणालाही मोह होतो, पातळी खाली गेली, भरून टाकू. वरपर्यंत पाणी भरलंत की हवेची मुळं बुडतात आणि एक-दोन दिवसांत धडधाकट झाड मान टाकतं. भरायची वेळ आलीच तर निम्म्या तीव्रतेचं पाणी घाला, आणि झाकणाखाली किमान चार बोटं हवा राहू द्या.

रोज काय बघायचं

दुपारच्या उन्हात पानं थोडी लवली आणि संध्याकाळी परत ताठ झाली तर काळजी नाही. संध्याकाळीही लवलेली असतील तर मुळं बघा. पांढरी किंवा मळकट पांढरी असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, ओढलं की साल हातात येणारी, आंबूस वासाची असतील तर मूळकुज. ते झाड काढून टाका, पाणी ओतून द्या, खोका धुवा. औषधं शोधत बसण्यापेक्षा नवी रोपं लावणं स्वस्त पडतं.

लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या तर ती कॅल्शियमची ओढाताण. पाण्यात कॅल्शियम असतं, पण हवा कोंडलेली असली की ते कोवळ्या पानापर्यंत पोहोचत नाही. वारा खेळता ठेवा, खत किंचित पातळ करा. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र नत्र कमी पडतंय.

माती नाही म्हणून कीड नाही, असं काही नसतं. मावा आणि पांढरी माशी शेजारच्या जास्वंदीवरून येतातच. पिवळे चिकट सापळे टांगा, पानांची पाठ बघत जा, मावा दिसला की पाण्याच्या जोरकस फवाऱ्यानं धुऊन काढा. पालकावर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या तर ती नागअळी, ते पान तोडून फेका. कच्चं खायच्या लेट्यूसवर काढणीच्या तोंडावर निंबोळी तेलही मारू नये, कडवट चव राहते.

काढणी आणि पुढे

लावणीनंतर तीस-पस्तीस दिवसांत लेट्यूस तयार होतं. पालकाची बाहेरची पानं त्याआधीच कापता येतात. मधला कोंब राखला तर दोन-तीन तोडे सहज. सकाळी लवकर काढा, तेव्हा पानं पाण्यानं भरलेली असतात. मूळ आणि स्पंजसकट काढलेलं लेट्यूस वाटीभर पाण्यात उभं ठेवलं तर फ्रिजमध्ये कितीतरी दिवस ताजं राहतं.

उरलेलं पाणी दुपटीनं पातळ करून कुंड्यांना घाला. खोका ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसा, साध्या पाण्यानं दोनदा खळबळा, उन्हात वाळवा. पुढची रोपं आधीच तयार हवीत, म्हणून पहिली लावणी झाली की पंधरा दिवसांनी पुन्हा बी टाकायचं.

फेब्रुवारी सरता सरता लेट्यूस उंच व्हायला लागतं, मधून दांडा वर येतो आणि पानं कडू होतात. तिथे थांबा. त्याच खोक्यात उन्हाळ्यात तुळशीच्या जातीची इटालियन बेसिल लावा किंवा पुदिन्याच्या काड्या खोचा. ऊन फारच कडक असेल तर नाळीची भाजी. ती मुळात तळ्याकाठची, तिची देठं साध्या पाण्यात आठवडाभरात मुळं धरतात, आणि लेट्यूस ज्या कोमट पाण्यात दम तोडतं त्यात ती मजेत वाढते. फक्त उन्हाळ्यात खोका भिंतीच्या सावलीत सरकवा आणि झाकणावर ओलं गोणपाट टाका.